नाशिकहून नवी मुंबई बघायला जाताना: दोन दिवसांत काय, कुठे आणि कोणत्या वेळी

नाशिककर नवी मुंबईत जातो तो बहुधा कामापुरता. कुणी वाशीच्या बाजारात कांद्याची गाडी घेऊन, कुणी मुलाच्या ॲडमिशनसाठी नेरुळला, कुणी खारघरच्या टाटा रुग्णालयाच्या केंद्रात, तर कुणी बहिणीकडे. काम झालं की गाडी ठाण्याकडे वळते. पाम बीच रोडवरून एकदा फिरून आलं की शहर पाहिलं असंही अनेकांना वाटतं. मुद्दाम आखून वसवलेलं शहर असं समजत नाही. रुंद रस्ते आणि उंच इमारती पैसा असेल तिथे कुठेही उभ्या राहतात. आराखड्याची खरी परीक्षा त्याच्या सांध्यांवर होते: सेक्टर संपून गावठाण सुरू होतं तिथे, रस्ता संपून खाडी लागते तिथे, स्टेशनातून माणूस बाहेर पडतो तिथे. पुढची दोन दिवसांची आखणी हे सांधे गाठण्यासाठी आहे.

नाशिकच्या माणसाला यात एक फायदा आहे. त्रिमूर्ती चौक, पवननगर, उत्तमनगर, राणाप्रताप चौक या भागात जो राहिलाय त्याला 'सिडको' म्हणजे काय हे घरातूनच माहीत असतं. पहिलीपासून सहावीपर्यंतच्या योजना, छोटी जोडघरं, पुढे त्यांच्यावर चढलेले मजले आणि जिन्यासाठी गल्लीत सरकलेल्या पायऱ्या हे सगळं त्याने पाहिलेलं असतं. त्याच शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) खाडीकाठी काय केलं ते बघायला जायचंय, म्हणून सवयीची नजर सोबत न्या.

निघण्यापूर्वी: तिथी बघा, मग तिकीट काढा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. नवी मुंबईत घड्याळाइतकीच भरती-ओहोटी महत्त्वाची, आणि नाशिकला समुद्र नसल्याने हे कुणाच्या डोक्यात येत नाही. फ्लेमिंगो बघायला ऐन ओहोटीला तळ्यावर गेलात तर रिकामं पाणी दिसेल आणि खाडीचा चिखल बघायला भरतीला गेलात तर नुसतं पाणीच दिसेल.

कोकणातली जुनी रीत वापरा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, शुक्ल पक्ष असो वा कृष्ण. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात, एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. ही वेळ सकाळी आणि संध्याकाळी (किंवा दुपारी आणि रात्री) दोन्हीकडे लागू होते. तिच्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो म्हणून आदल्या रात्री मुंबईचं भरतीचं कोष्टक एकदा बघून घ्यावं.

या आखणीला सोयीची जोडी म्हणजे पहिला दिवस दशमीच्या आसपास आणि दुसरा एकादशीच्या. म्हणजे पहिल्या दिवशी दुपारी पावणेदोनच्या सुमारास वाशीला ओहोटी मिळते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वाआठला सीवूड्सला भरती. दुसरा दिवस रविवार नको, कारण बाजार समिती बंद असते. शुक्रवार-शनिवार जुळले तर उत्तम. महिना डिसेंबर ते फेब्रुवारी: हवा बरी असते आणि पक्षी आलेले असतात.

सोबत दोन गोष्टी घ्या. एक, सिडकोच्या विकास आराखड्याची मोठ्या कागदावर काढलेली प्रत. फोनच्या पडद्यावर पूर्ण शहराचा आकार लक्षात येत नाही. दोन, गूगल अर्थवरच्या टाइमलॅप्समध्ये १९८४ पासूनची उपग्रहचित्रं आहेत. त्यात वाशी, नेरुळ, खारघर आणि उलवे या चार जागा निघण्यापूर्वी घरीच बघून घ्या. खारघरच्या जागी शेतं आणि टेकडीचा पायथा आहे हे पाहून गेलं की प्रत्यक्ष तिथे उभं राहिल्यावर रस्त्याची रुंदी वेगळी वाटते.

इतिहास, कामापुरता

१९५०च्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या गर्दीवर उपाय सुचवण्यासाठी स. गो. बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगट नेमला गेला. ठाणे खाडीवर पूल बांधून पलीकडे वस्ती न्यावी ही शिफारस तिथली. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल या तिघांनी 'मार्ग' नियतकालिकातून खाडीपलीकडे जुळं शहर उभारण्याची कल्पना मांडली. मुंबई उत्तर-दक्षिण लांबत चालली आहे, तिला पूर्वेकडे वळवा, हा त्यांचा मुख्य मुद्दा. पाठोपाठ धनंजयराव गाडगीळ यांच्या समितीनेही त्याच दिशेचा कौल दिला. १७ मार्च १९७० ला सिडकोची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी नव्या शहराचं काम तिच्याकडे आलं. क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, तेव्हाच्या ठाणे आणि कुलाबा (आताचा रायगड) जिल्ह्यांतल्या ९५ गावांचं. लोकसंख्येचं उद्दिष्ट २० लाख. पहिला खाडीपूल १९७३ चा, विकास आराखड्याला मंजुरी १९७९ ची.

आराखड्यात एकच मोठं केंद्र ठेवलं नाही. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, वाशी, सानपाडा, नेरुळ, सीबीडी बेलापूर, खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल, उलवे, पुष्पक, द्रोणागिरी असे १४ नोड, प्रत्येकाचा आपला बाजार, शाळा, दवाखाना आणि शक्यतो चालत जाता येईल असं स्टेशन. सरकारी कचेऱ्या इकडे येतील, त्यांच्यामागून खासगी येतील, हे गृहीत होतं. कोकण भवन बेलापूरला आलं. मंत्रालय मात्र आलं नाही. उलट त्याच वर्षांत नरिमन पॉइंटला भराव घालून कार्यालयांच्या इमारती उभ्या राहत होत्या. पूल झाला तरी रेल्वे यायला १९९२ उजाडलं. ९ मे १९९२ ला मानखुर्दहून वाशीपर्यंत लोकल सुरू झाली. मधली जवळपास वीस वर्षं शहर रांगत राहिलं ते या दोन कारणांनी. वाशीतली जुनी घरं आणि खारघरमधली घरं इतकी वेगळी का, याचं उत्तरही यातच आहे.

श्रीमंतीचं मूळही समजून घ्या. सिडकोने शेतजमीन घेतली, भराव घातला, रस्ते, पाणी, गटारं केली आणि भूखंड ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले. येणाऱ्या पैशातून पुढचा नोड. रेल्वेच्या खर्चातला ६७ टक्के वाटाही सिडकोने उचलला, रेल्वेने ३३ टक्के. स्टेशनांवर कार्यालयांचे मजले दिसतात ते म्हणूनच: स्टेशनाने आपला खर्च वर आणि भोवती उभ्या केलेल्या जागेतून भरून काढायचा. रस्त्यांची रुंदी आणि बागांची देखभाल यांना पैसा पुरवला तो जमिनीच्या वाढत्या भावाने. भाव वाढल्यावर मूळ आराखड्यातल्या कमी उत्पन्नाच्या माणसाला जागा उरली का, हा प्रश्न दोन्ही दिवस मनात ठेवून फिरा.

पहिला दिवस: ठाणे ते वाशी

पंचवटीने ठाणे गाठा. ठाण्याला उतरून ९ किंवा १० नंबरच्या फलाटावर जायचं. ट्रान्सहार्बरच्या गाड्या तिथून सुटतात. वाशी आणि पनवेल अशा दोन्हीकडे गाड्या जातात, फलक बघून वाशीची घ्या. स्वतःच्या गाडीने जात असाल तर इगतपुरीहून समृद्धी महामार्गाने आमणेपर्यंत ७६ किलोमीटर, कसारा घाट टळतो. पण पहिल्यांदा जाताना रेल्वेनेच जा, हे शहर रुळाभोवती वाढलंय.

डब्यात बसू नका, दारापासून थोडं आत उभे राहून दोन्ही बाजू बघा. गाडीच्या दिशेने तोंड केलंत तर उजवीकडे खाडी आणि सिडकोचे सेक्टर, डावीकडे पारसिकचा डोंगर आणि एमआयडीसी. दिघा, रबाळे, महापे, तुर्भे हा ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा सिडकोच्या आधीचा, १९६० च्या दशकातला. ही जमीन सिडकोच्या ताब्यात नव्हती. कारखाने आले, कामगारांच्या घरांची सोय झाली नाही, आणि शहरातल्या झोपडपट्ट्यांचा मोठा भाग या डाव्या बाजूला उभा राहिला. रूळ म्हणजे इथे हद्द आहे. वीस-पंचवीस मिनिटांत हा सगळा पट्टा नजरेखालून जातो.

वाशीला उतरल्यावर लगेच बाहेर पडू नका. मानखुर्दचं तिकीट काढून एक स्टेशन पुढे जा आणि परत या. एका फेरीला आठ-दहा मिनिटं लागतात आणि खाडी पुलावरून दिसते. ओहोटीला चिखलाचे पट्टे किती दूरवर पसरतात ते बघून ठेवा. मुंबईचं टोक आणि नवी मुंबईचं टोक यांच्यात किती पाणी आहे हे अंतर डोळ्यांनी मोजलं की पुलाचा एवढा आग्रह का होता ते कळतं.

मग सेक्टर ९ आणि १० कडे चालत किंवा रिक्षाने. इथे एक इशारा: सेक्टरचे आकडे प्रत्येक नोडमध्ये नव्याने सुरू होतात. 'सेक्टर १०' एवढंच सांगितलं तर रिक्षावाला विचारणार, कुठला? वाशीतला, नेरुळमधला, खारघरमधला? पत्ता लिहिताना आणि सांगताना आधी नोड, मग सेक्टर, मग भूखंड क्रमांक. नवखा माणूस सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो.

या भागातल्या जुन्या इमारतींना लोक अजून जेएन-१, जेएन-२ म्हणतात. सिडकोने बांधलेली ही सुरुवातीची घरं. खाऱ्या हवेने सळया गंजल्या, छताचे थर पडू लागले, आणि धोकादायक ठरलेल्या इमारतींच्या पुनर्विकासाचा वाद वर्षानुवर्षं चालला. आता काही ठिकाणी उंच मनोरे आलेत, शेजारी जुनी चार मजली उभी. दोन्हींच्या मधल्या मोकळ्या जागेकडे लक्ष द्या: जुन्या इमारतींभोवती मोकळं अंगण जास्त, नव्यांच्या भोवती गाड्यांचे मजले. बांधकाम वाईट होतं आणि आखणी चांगली होती, या दोन गोष्टी इथे वेगळ्या करता येतात.

तिथून जुहूगाव किंवा वाशीगावाकडे वळा. सेक्टरचा रस्ता सरळ येतो आणि एका ओळीनंतर वाकतो, अरुंद होतो, देऊळ लागतं, आगरी-कोळ्यांची घरं लागतात आणि त्यांच्यावर भाड्याच्या खोल्यांचे चार-चार मजले. हाच सांधा. जमीन शेतीची गेली, गावठाण तेवढं राहिलं, कुटुंबं वाढली तर घर वरच वाढणार. महापालिकेच्या भाषेत हे अनधिकृत, गावाच्या भाषेत गरजेपोटी बांधलेलं घर. दोन्ही शब्द ऐकून घ्या. इथे घोळक्याने फोटो काढत फिरू नये. चहाच्या टपरीवर बसलं की माणसं स्वतःहून बोलतात.

दुपारी पावणेदोन-दोनला सागर विहारला पोचा, ज्याला सगळे मिनी सी-शोअर म्हणतात. लोक इथे हवा खायला येतात, तुम्ही तळं बघा. हे धारण तलाव आहे, बोलण्यात होल्डिंग पाँड. वाशीसह खाडीकाठचा बराच भाग मोठ्या भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. सगळी जमीन भरतीच्या वर उचलायची तर भरावाचा खर्च परवडला नसता, म्हणून डच पद्धत घेतली. काठाला बांध, आत तळं आणि तळ्याच्या तोंडाला झडपा. खाडीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने झडप बंद होते. त्या काळात पडलेला पाऊस नाल्यांतून तळ्यात साठतो. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने झडप उघडते आणि तळं खाडीत रिकामं होतं. पंपाची गरज कमीत कमी.

ओहोटीलाच यायला सांगितलं ते यासाठी, की तळाशी साचलेला गाळ उघडा दिसतो. बिघाड इथेच झालाय. भरतीसोबत आलेला आणि नाल्यांतून वाहून आलेला गाळ वर्षानुवर्षं बसला, तळ्यांची साठवण घटली, गाळावर तिवरं (खारफुटीची झाडं) उगवली. तिवरांना २००५ पासून उच्च न्यायालयाच्या आदेशाचं संरक्षण आहे, त्यामुळे गाळ काढायचा तर परवानग्यांची मोठी वाट. तिवरं हवीतच, ती लाटा आणि धूप अडवतात. पण ती तळ्याच्या पोटात उगवली की पाऊस साठायला जागा उरत नाही. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि जोराचा पाऊस एकाच वेळी आला की सेक्टरमध्ये पाणी का भरतं, याचं उत्तर या काठावर उभं राहून मिळतं. गोदावरीचा पूर दुतोंड्या मारुतीवर मोजणाऱ्या माणसाने इथला पूर झडपेवर मोजावा.

संध्याकाळ कोपरखैरण्यात घालवा. माथाडी कामगारांसाठी आणि अल्प उत्पन्न गटासाठी बांधलेली छोटी बैठी घरं तिथे होती. आता बहुतेकांवर तीन-चार मजले आहेत, समोरासमोरचे सज्जे जवळ आलेत आणि गल्लीत दुपारीही दिवे लावावे लागतात. सिडकोतल्या चौथ्या-पाचव्या योजनेत फिरल्यासारखं वाटेल. एकाच महामंडळाच्या दोन शहरांत लोकांनी घराशी हेच केलं, कारण दोन्हीकडे पहिली खोली कुटुंबाच्या वाढीच्या मानाने लहान होती आणि वर वाढायची रीतसर सोय आखणीत पुरेशी नव्हती. हे लक्षात ठेवा, उद्या बेलापूरला याची उलट बाजू दिसणार आहे.

मुक्काम वाशीतच करा, पहाटे बाजार गाठायला सोपं जातं.

दुसरा दिवस: बाजार, पाणी, अंगण

पहाटे सहाला तुर्भ्याच्या सेक्टर १९ मधली बाजार समिती. इथे कांदा-बटाटा, भाजीपाला, फळं, मसाला आणि धान्य असे पाच बाजार आहेत, सगळे मुंबईच्या दाटीतून बाहेर काढून आणलेले. कांदा-बटाटा बाजारात शिरलात की गोणींवर लासलगाव, पिंपळगाव, उमराणे ही नावं दिसतील. फेब्रुवारीत गेलात तर फळबाजारात आपली द्राक्षं. बाजाराची जागा अभ्यासण्यासारखी आहे: एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता, दुसऱ्या बाजूला सायन-पनवेल महामार्ग, दोन्हींच्या बेचक्यात. ट्रक शहराच्या वस्तीत न शिरता येतो आणि जातो, निदान आखताना तसं ठरलं होतं. प्रत्यक्षात ट्रकांच्या रांगा आतल्या रस्त्यांवर येतात, कारण थांबायला जागा अपुरी आहे.

आत जाताना पायात बूट, अंगावर साधे कपडे. हातगाडीवाला 'बाजू' म्हणाला की लगेच बाजूला व्हायचं, मधे उभं राहून नकाशा उघडायचा नाही. माथाडींचं काम बघा. १९६९ च्या माथाडी कायद्याने या कामाला मंडळ, नोंदणी आणि मजुरीची शिस्त मिळाली, आणि काल पाहिलेली घरं या माणसांसाठी होती. नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्याच्या मालाचा भाव, तो उचलणाऱ्याचं घर आणि शहराची आखणी हे तिन्ही धागे इथे एकत्र येतात. मुंबईच्या पोटात कांद्याच्या ट्रकला तासन्तास अडकावं लागू नये, हाही नवी मुंबईच्या आखणीतला एक मोठा हेतू होता.

साडेसातला बाहेर पडून सानपाड्याहून गाडी. जुईनगर, नेरुळ, मग सीवूड्स-दारावे. या स्टेशनाच्या वर आणि भोवती मोठा मॉल आणि कार्यालयं आहेत. स्टेशनातून खर्च काढायच्या कल्पनेचं हे सगळ्यात मोठं रूप. पश्चिमेला उतरून रिक्षाने टीएस चाणक्य (नौवहन प्रशिक्षण संस्था) किंवा एनआरआय कॉम्प्लेक्सच्या मागच्या पाणथळीकडे.

भरतीला खाडीतले चिखलाचे पट्टे बुडतात, तेव्हा तिथे चरणारे फ्लेमिंगो आत, या उथळ तळ्यांवर विसाव्याला येतात. ओहोटी लागली की परत खाडीत. म्हणून सव्वाआठची भरती निवडली. आठच्या आधी जागेवर असा, काठापासून लांब उभे राहा, ड्रोन किंवा फटाके तर नकोतच, मोठा आवाजही नको. पक्षी उडाले की त्यांची चरण्यासाठी राखलेली ताकद वाया जाते. ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं आणि २०२२ मध्ये खाडीला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. ही तळी मात्र अभयारण्याच्या हद्दीबाहेर, भूखंडांच्या शेजारी आहेत, आणि त्यांच्यावर बांधकाम व्हावं की नाही यावर स्थानिक रहिवासी आणि पर्यावरणप्रेमी बराच काळ भांडत आले आहेत. त्यांचं भांडण योग्य आहे. खाडी राखली आणि भरतीच्या वेळची विश्रांतीची जागा घालवली, तर पक्षी टिकणार नाहीत.

आता पाम बीच रोड. वाशी ते बेलापूर सुमारे १० किलोमीटर. पूर्वेला मनोरे, पश्चिमेला बहुतांशी तिवरं आणि पाणी. एनआरआय कॉम्प्लेक्स हा ठळक अपवाद. शहरातला पैसा या काठाला चिकटला याची कारणं साधी आहेत: कारखान्यांचा पट्टा डोंगराच्या बाजूला दूर, समोर मोकळी खाडी, आणि किनारा नियमन क्षेत्रामुळे समोर दुसरी इमारत उभी राहण्याची भीती कमी. रस्ता पायी चालायचा नाही, गाड्या फार वेगात असतात. चालायचं असेल तर नेरुळचं ज्वेल ऑफ नवी मुंबई. तळ्याभोवती मार्ग आहे, आणि हेही धारण तलावच. काल वाशीत ज्या झडपेचं काम पाहिलंत ते आठवत फेरी मारा.

बेलापूरला कोळीवाडा दिवाळे गावात, खाडीच्या तोंडाशी. त्याच भागात बेलापूरचा किल्ला, सिद्दी, पोर्तुगीज, मराठे, इंग्रज अशा सगळ्यांच्या हातून गेलेला. 'इथे आधी काही नव्हतं' असं कुणी म्हणालं तर एवढं पुरे. मुख्य वेळ सेक्टर ८ मधल्या आर्टिस्ट व्हिलेजला द्या. चार्ल्स कोरियांची ही वसाहत १९८० च्या दशकातली, सुमारे साडेपाच हेक्टरवर साडेपाचशेच्या आसपास घरं.

ती बघायची ती पावलांनी मोजून. सात घरं एका अंगणाभोवती, अंगण ८ मीटर बाय ८ मीटर. मोठ्या माणसाची साधारण अकरा पावलं. अशा तीन जुड्या, म्हणजे २१ घरं, एका मोठ्या चौकाभोवती: १२ मीटर बाय १२, सोळा पावलं. त्याहून मोठी जागा ओढ्याच्या दिशेने. भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरच्या दरम्यान, म्हणजे गरीब आणि सुस्थित घराच्या जागेतला फरक जेमतेम. कुठल्याही घराची भिंत शेजाऱ्याशी सामाईक नाही. काल कोपरखैरण्यात जे अडलं ते इथे आखणीतच सोडवलं होतं: भिंत स्वतंत्र असल्याने ज्याला वाढवायचंय त्याने शेजाऱ्याला न विचारता आपल्या जागेत वाढवावं.

लोकांनी वाढवलं, आणि भरपूर वाढवलं. उतरत्या कौलांची मूळ घरं आता शोधावी लागतात, बाकी ठिकाणी स्लॅबचे दोन-तीन मजले. काही अभ्यासक याला आराखड्याचं अपयश म्हणतात. ते बरोबर वाटत नाही. अकरा पावलांचं अंगण बहुतेक ठिकाणी अजून मोकळं आहे, मुलं तिथे खेळतात, तुळशीवृंदावन आणि दुचाक्या तिथेच. घर बदललं आणि अंगण टिकलं. दुपारी दोन ते चार जाऊ नका, लोक आडवे झालेले असतात. अंगणात शिरताना विचारून शिरा, कारण ते सात घरांचं आहे आणि दिसायला रस्ता असलं तरी रस्ता नाही.

खारघर वेळ असेल तर. बेलापूरहून मेट्रोने पेंधरच्या दिशेने जा. हा मार्ग ११.१ किलोमीटर, ११ स्थानकं, नोव्हेंबर २०२३ पासून सुरू. सेंट्रल पार्क ८० हेक्टरचं. पांडवकडा धबधबा पावसाळ्यात टाळाच, बुडून मृत्यू झाल्यामुळे तिथे बंदी घातली जाते.

जासई: हे वगळू नका

उरणच्या लोकलने उलवे भागात उतरून रिक्षाने जासई. उरणच्या गाड्या कमी असतात, परतीची वेळ आधी बघा. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला जमिनीच्या मोबदल्यासाठी उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर इथल्या परिसरात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. आंदोलनाचं नेतृत्व शेकापच्या दि. बा. पाटलांचं, ते जासईचेच. त्यातून साडेबारा टक्क्यांची योजना आली.

तिचा हिशेब गुंठ्यात करून बघा. एक एकर म्हणजे ४० गुंठे जमीन गेली. साडेबारा टक्के म्हणजे ५ गुंठे विकसित भूखंड. त्यातून सामाजिक सोयींसाठी ३० टक्के कपात, हातात साडेतीन गुंठे, म्हणजे मूळ जमिनीच्या पावणेनऊ टक्के. भाव वाढल्यावर या साडेतीन गुंठ्यांनी काही कुटुंबं उभी राहिली, आणि ज्यांनी वाटपाआधीच कागद विकून टाकला त्यांच्या हाती थोडकं आलं. खारघर-कामोठ्यात अनेक मध्यम इमारतींच्या जागेचं मूळ या भूखंडांत आहे. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचा प्रवाह वळवला, गावं हलवली, आणि ८ ऑक्टोबर २०२५ ला विमानतळाचं उद्घाटन झालं. त्याला दि. बां.चं नाव द्यायचा भूमिपुत्रांचा आग्रह का, हे जासईच्या स्मारकापाशी उभं राहिल्यावर वेगळं सांगावं लागत नाही.

घर घ्यायच्या विचाराने जाणाऱ्यांसाठी

नाशिकचे अनेक जण मुलांच्या नोकरीमुळे तिकडे घर बघतात. फ्लॅटआधी जागेचा प्रकार विचारा: सिडकोचा भूखंड, साडेबारा टक्क्यांचा, गावठाणातला की एमआयडीसीच्या हद्दीतला. सिडकोची जागा भाडेपट्ट्याची, म्हणून पट्ट्याची किती वर्षं उरलीत, हस्तांतरणाला सिडकोची मंजुरी आणि शुल्क कुणी भरायचं, हे लेखी घ्या. साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर मूळ वाटपपत्र कुणाच्या नावे आणि सगळे वारस सहीला आहेत का ते बघा. एक वारस राहिला तरी प्रकरण कोर्टात जातं. गावठाणातलं घर स्वस्त मिळतं ते भोगवटा प्रमाणपत्र नसल्याने, आणि त्याच कारणाने बँका कर्ज द्यायला कचरतात. नव्या इमारतीचा महारेरा क्रमांक स्वतः संकेतस्थळावर टाकून तपासा.

पाणी कुठलं तेही विचारा. नवी मुंबई महापालिकेचं स्वतःचं मोरबे धरण आहे, खालापूरकडे. खारघर, कामोठे, उलवे हा भाग त्या महापालिकेत येत नाही. खारघर-कामोठे २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत आहेत. जाहिरातीत सगळ्यालाच नवी मुंबई म्हणतात. टँकरचं बिल सोसायटीच्या हिशेबात दिसतं, म्हणून मागच्या एप्रिल-मेचा जमाखर्च मागून घ्या. तळमजला किंवा खाडीकाठचा सेक्टर असेल तर एकदा जुलैत, पौर्णिमा-अमावास्येच्या दुपारी बारा वाजता, पाऊस चालू असताना जाऊन रस्त्यावर पाणी किती चढतं ते बघा आणि मगच टोकन द्या.